बाली-जावा सहल: इजेन आणि ब्रोमोला अण्णांना न्यावं का?

रावेरचा_केळीवाला
राम राम मंडळी. यंदा मृगबागेचा माल एप्रिलअखेर कटून गेला, भावही बरा लागला, म्हणून बऱ्याच वर्षांनी घराबाहेर पडायचं ठरवलंय. २३ मेला मुंबईहून बाली. मी, बायको, मुलगी (वय ११) आणि अण्णा. आईने विमानाचं नाव काढताच हात जोडले.

बालीत चार दिवस, मग फेरी बोटीने जावा बेटावर. तिथे इजेन आणि ब्रोमो हे दोन जिवंत ज्वालामुखी पॅकेजात आहेत. इजेनला मध्यरात्री चढायला सुरुवात करायची, वर जाऊन निळी आग बघायची, मग विवरातलं तळं. ब्रोमोला जीप आणि पायऱ्या.

प्रश्न अण्णांचा आहे. वय ६४, बीपीची गोळी चालू. बिडी सोडून दहा वर्षं झाली, पण पहाटेचा खोकला काही सुटला नाही. मी म्हटलं तुम्ही हॉटेलात थांबा. तर म्हणाले, "धडगावला मास्तर होतो तेव्हा तीनदा अस्तंबा चढलोय, तोही रात्री. तू मला शिकवतो का?" टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणे, सगळे जातात साहेब, काही होत नाही. कोणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

चोपड्याची_चिंच
भो, मे महिनामा आपला खान्देशज ज्वालामुखी शे, पैसा कसाले खर्च करतस? दुपारी दोनला भुसावळ स्टेशनच्या बाहेर उभं राहा, विवर, धूर, वाफ सगळं फुकट.

(मस्करी. फोटो टाका आल्यावर.)

अमळनेर_ते_हिंजवडी
जा बिनधास्त. आम्ही ऑफिसचे आठ जण बालीत बातूर चढलो. १७१७ मीटर, पहाटे चारला निघालो, सूर्योदयाला माथ्यावर. गाइड लोक दगडातून निघणाऱ्या वाफेत अंडी उकडून देतात. रोज शेकडो लोक जातात. लोक उगाच बाऊ करतात, जळगावात हायवे ओलांडणं याच्यापेक्षा धोक्याचं आहे.

कातळ_आणि_काळी
हायवेचं मान्य. पण बातूर आणि इजेन एका पारड्यात घालू नका. बातूरचा शेवटचा उद्रेक २००० सालचा. तुम्ही बघितली ती वाफ. इजेनला वाफेबरोबर गंधकाचा वायू अक्षरशः नळकांड्यांतून बाहेर येतो. एक डोंगर चढला म्हणून दुसरा कळला असं होत नाही.

मी धुळ्यात भूगोल शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लोकांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे तांबडा लाव्हा. लाव्हा दिसतो, बहुतेक वेळा माणसाच्या चालीपेक्षा सावकाश येतो, त्याच्यापासून पळता येतं. सहलीला गेलेली माणसं मरतात ती बहुतेक दुसऱ्याच गोष्टीने. डोंगराच्या पोटात पावसाचं पाणी मुरतं, खालच्या उष्णतेने तापतं, वर माती-दगडांचं घट्ट झाकण असतं. कुकरची शिटी अडकली तर काय होतं ते घरोघरी माहीत आहे. हा वाफेचा स्फोट. यात नवा लाव्हारस वर सरकतोच असं नाही, त्यामुळे यंत्रांनाही आधी फारसा पत्ता लागत नाही.

जपानचा ओंताके, २७ सप्टेंबर २०१४. शनिवार, ऐन दुपार, स्वच्छ ऊन, माथ्यावर डबे उघडून बसलेले लोक. इशारा सगळ्यात खालचा, म्हणजे लेव्हल १. त्र्याहत्तर नव्हे, ६३ माणसं गेली (मागे एका धाग्यावर मीच चुकीचा आकडा टाकला होता). न्यूझीलंडचं व्हाइट आयलंड, स्थानिक नाव फाकारी, ९ डिसेंबर २०१९: बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ दगावले. तेही तिकीट काढून, गाइडबरोबर, हेल्मेट घालून गेलेले. तेव्हा "सगळे जातात, काही होत नाही" हे वाक्य तिथेही आदल्या दिवशीपर्यंत खरंच होतं.

अमळनेर_ते_हिंजवडी
सर, असं म्हटलं तर माणसाने घराबाहेरच पडू नये.

कातळ_आणि_काळी
पडावं की. मी स्वतः ब्रोमो बघून आलोय. फक्त जायचं की नाही हे टूरवाल्याच्या भरवशावर ठरवू नये. इंडोनेशियात ज्वालामुख्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचं मॅग्मा इंडोनेशिया नावाचं अॅप आहे. प्रत्येक डोंगराची पातळी त्यात दिसते. चार पायऱ्या: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. शेवटचा 'आवास' म्हणजे घरकुल योजना नव्हे, तो दिसला की उलटं पळायचं. आणि नुसता आकडा बघू नका, त्याच्याखाली विवरापासून किती किलोमीटर लांब राहा ते लिहिलेलं असतं. खरी ओळ ती. सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ ला फुटला तेव्हा तो लेव्हल २ वर होता, विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचनाही होती. तरी डोंगरावर पंच्याहत्तर गिर्यारोहक होते, त्यातले वीसहून जास्त परत आले नाहीत.

(मारापी आणि जावातला मेरापी वेगळे. नावावरून गोंधळू नका.)

चोपड्याची_चिंच
सर एक शंका. लोणार पण ज्वालामुखीच ना? आणि आमचं उनपदेव? तिथे बारा महिने गरम पाणी येतं, आजी म्हणायची खाली आग शे.

कातळ_आणि_काळी
लोणार उल्कापाताने झालं. दगड मात्र ज्वालामुखीचा, म्हणून घोळ होतो. उनपदेवचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापून वर येतं. खाली लाव्हारस वगैरे काही नाही. आपली आग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच विझली. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून पूर्व-पश्चिम काळ्या दगडाच्या भिंती गेलेल्या दिसतात ना, माणसाने बांधल्यासारख्या? त्या जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हारसाच्या. आजूबाजूचा दगड झिजला, त्या उभ्या राहिल्या. केळीवाले भाऊ ज्या काळ्या मातीवर बाग करतात तीही त्याच दगडाची. म्हणजे भाऊ ज्वालामुखीवरून उठून ज्वालामुखी बघायला चाललेत.

भारतात आजचा जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. ते बोटीतून लांबूनच बघायचं.

जामनेर_पॅसेंजर
भाऊ, मी इजेनला जाऊन आले. २०२३ चा ऑगस्ट. सविस्तर सांगते कारण मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) "मास्क इन्क्लुडेड" लिहून दिलं होतं. पायथ्याला पालतुदिंगला बस थांबली रात्री दीडला, आणि हातात काय ठेवलं? करोनात लावायचो ते निळे कापडी मास्क! नशीब तिथे खरे गॅस मास्क भाड्याने मिळतात, तोंडावर रबराचा कप आणि बाजूला डबी असलेले. घेतले. माझा पट्टा सैल होता, तो मी स्कार्फने बांधला.

चढण साधारण तीन किलोमीटर. पहिले दोन किलोमीटर चांगलीच उभी आहे, पायाखाली बारीक भुकटी, पाय मागे सरकतो. ज्यांना जमत नाही त्यांना दोन-तीन माणसं ओढत नेतात अशा हातगाड्या मिळतात. आमच्यातले एक काका त्यात बसले आणि पूर्ण रस्ता लाजून मान खाली घालून होते. थंडी भरपूर, आपल्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा जास्त.

काठावरून विवरात उतरायची वाट म्हणजे वाट नाहीच, दगडांची घसरण. आणि त्याच वाटेने गंधक वाहणारी माणसं वर येत असतात. खांद्यावर कावड, दोन्ही टोपल्यांत पिवळे ढेकळे, सत्तर ते नव्वद किलो. बांबू करकरतो तो आवाज आधी ऐकू येतो, मग बॅटरीच्या उजेडात माणूस दिसतो. त्यांच्यातल्या कित्येकांच्या तोंडाला मास्क नव्हता, ओला फडका दातात धरलेला. मी दगडाला चिकटून वाट दिली. तो माणूस हसून काहीतरी बोलला आणि पुढे गेला. माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली जड झाली होती.

खाली निळी आग दिसली. लाव्हा नाही तो, भेगांतून येणारा गंधकाचा गरम वायू हवा लागताच पेटतो. सुंदर आहे, खोटं का बोलू. दहा मिनिटं बघितली असेल आणि वारा फिरला. पांढरा लोट थेट अंगावर. मास्क होता तरी घशात कोणी मिरचीची फोडणी ओतल्यासारखं झालं. डोळे उघडेनात. गाइड ओरडला, बसा, पाठ करा, हलू नका. नवऱ्याचा हात सुटला होता. पाचेक मिनिटं तो कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. तेवढी पाच मिनिटं सोडली तर ट्रिप छान झाली असं मी सगळ्यांना सांगते.

घरी आल्यावर बघते तर पायातली जोडवी काळीठिक्कर. बुटात, मोज्यात असून. वाट्या सोन्याच्या, त्यांना काही नाही.

अण्णांना विवरात उतरवू नका. काठापर्यंतचंही डॉक्टरांना विचारून ठरवा. आता तिथे आरोग्य तपासणीचा दाखला लागतो म्हणे, पण तो पायथ्याशी दोन मिनिटांत मिळतो, त्याच्या जोरावर जाऊ नका.

छातीठोक
(छातीच्या आजारांचाच दवाखाना आहे, धुळ्यात. नावाची कोटी मुलाची.)

केळीवाले, थेट बोलतो. दहा वर्षांपूर्वी बिडी सोडलेला, पहाटे खोकणारा, ६४ वर्षांचा माणूस: यांची आधी फुंकून बघायची तपासणी करून घ्या, बाली असो नसो. तो "बिडीचा खोकला" नसून श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या असण्याची बरीच शक्यता आहे.

गंधकाचा वायू ओलसर श्वासनळीत विरघळला की आम्ल तयार होतं आणि नळ्या आवळतात. निरोगी माणसाला नुसतं झोंबतं. दम्याच्या माणसाला फार थोडा वायूही काही मिनिटांत आडवा करू शकतो. आणि तिथून अँब्युलन्सपर्यंत यायला तेच तीन किलोमीटर. दुसरं, हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड. खळग्यात, घळीत साचतो. विवर म्हणजे सगळ्यात मोठा खळगा. दमला म्हणून तिथे खाली बसून विश्रांती घ्यायची नाही, उंचावर यायचं.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच मास्क. दाढीचे खुंट असले तरी फट राहते. लहान मुलांच्या मापाचे भाड्याने मिळतील या भरवशावर राहू नका, म्हणजे मुलीचंही उत्तर यात आलं. चष्मा घाला, लेन्स नको.

सातपुडी_वाटाड्या
अण्णांची बाजू घेणारं कोणीच नाही म्हणून मी. तळोद्याचा आहे, अस्तंब्याला दर दिवाळीला जातो. अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो, त्याला भेटायला. रात्रभर मशाली नि बॅटऱ्यांची रांग. जो माणूस तीनदा ते चढला त्याला "तुमच्याने होणार नाही" म्हटलं की तो चढणारच. तसं म्हणू नका त्यांना.

पण अस्तंब्याची हवा चांगली असते हो. तिथे दमलं तर बसता येतं. हा फरक अण्णांना कळेल, मास्तर होते ते.

ब्रोमोलाही तिथले तेंगर लोक कसाडा महिन्यात असेच रात्री चढतात. हिंदू आहेत. भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या विवरात टाकतात, आणि आत उतारावर दुसरे लोक जाळी घेऊन उभे असतात ते झेलायला. काठावर गणपतीची मूर्ती आहे. अण्णांना तिकडे न्या.

रावेरचा_केळीवाला
सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून बायकोने दुसऱ्याच दिवशी अण्णांना जळगावला नेलं. तपासणीत तुम्ही म्हणालात तेच निघालं. पंप सुरू झालाय. इजेन त्यांच्यासाठी रद्द, मुलगी त्यांच्याबरोबर हॉटेलात. वाटाड्या भाऊ, तुमची पोस्ट अण्णांना वाचून दाखवली. "तिथे दमलं तर बसता येतं" यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ब्रोमोचं बघू.

अमळनेर_ते_हिंजवडी
काका, बरे राहा. विम्याचं नीट बघा फक्त. राखेमुळे विमानं रद्द झाली तर पैसे मिळतात का ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी फुटला आणि बालीची विमानं अडकली, माझा मित्र तीन दिवस विमानतळाजवळ पडून होता.

(आणि सर, तुमचं पटलं. थोडं.)

रावेरचा_केळीवाला
मंडळी, ३ जूनला परत आलो. पाऊस यायच्या आत ठिबकच्या नळ्या गोळा करण्यात आठवडा गेला, म्हणून उशीर.

पहिली फजिती घड्याळाची. बालीहून फेरीने जावाला उतरलं की वेळ एक तास मागे जाते. माझ्या हातातलं घड्याळ बालीचं. ड्रायव्हरने बाराला या म्हटलं, आम्ही अकरालाच मोजे चढवून लॉबीत. अण्णाही खाली येऊन बसले, जागेच होते. निघताना त्यांनी बोटातली चांदीची अंगठी काढून माझ्या हातात दिली. जामनेरताईंचं जोडव्यांचं त्यांनी वाचलं होतं. म्हणाले, "मी नाही तर ही तरी जाऊन येऊ दे."

मी आणि बायको अडीचच्या सुमारास काठावर पोचलो. त्या रात्री वायू जास्त होता, उतरायची वाट बंद. आमचा गाइड जागेवर थांबला. तिथे तीस-चाळीस लोक जमलेले, अर्धे भांडत होते. चार-पाच पोरं दोरी ओलांडून अंधारात उतरलीसुद्धा. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे भरून वरूनच बघायचं, माझेही पाय वळवळले. मग खालून खोकल्याचा आवाज आला. कोणाचा ते दिसत नव्हतं. ठसका लागतो तसा नाही, कुत्रं भुंकतं तसा. तो थांबेना. बायकोने माझी बाही धरून ठेवली होती, ती सोडली नाही. बऱ्याच वेळाने ती पोरं वर आली, एकाला दोघांनी धरलेलं, डोळ्यांतून पाणी, ओकत होता. गाइडने आपलं पाणी त्याला दिलं आणि एक शब्द बोलला नाही.

निळी आग दिसली ती वरून, स्टोव्हच्या ज्योतीएवढी. फोटोत काहीच आलं नाही, काळा चौकोन.

पण उजाडल्यावरचं तळं. चिंच भाऊ, कसं सांगू. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद नि चुना टाकीत एकत्र ढवळल्यावर जो रंग येतो ना, तो. एक किलोमीटर रुंद टाकी भरून. पाणी नाही, नुसतं आम्ल आहे म्हणे, बॅटरीच्या पाण्यासारखं. आणि काठाला पिवळा गंधक. आपण बोरांवर भुरी पडली की जो धुरळतो तोच, त्याच वासाचा. मी आयुष्यभर पोत्यातून काढला, तो कुठून येऊ शकतो हे पहिल्यांदा बघितलं. टोपल्या भरून ठेवल्या होत्या तिथे. एक उचलून बघितली, कावड नव्हे, एकच टोपली. गुडघ्यापर्यंत आली. केळीचे घड वाहिलेत मी, तरी.

ब्रोमोचं थोडक्यात. अॅप बघितलं तर लेव्हल २, विवरापासून एक किलोमीटर लांब राहा. जीपवाला म्हणे सगळे पायऱ्या चढतात, आणि खरंच चढत होते, रांग लागली होती. आम्ही नाही गेलो. समोरच्या डोंगरावरून सूर्योदय बघितला आणि काळ्या वाळूच्या मैदानात लांबच थांबलो. गणपती राहिला. मुलगी रुसली, घोड्यावर बसवल्यावर हसली. अण्णा मात्र अर्धा तास गायब. शोधलं तर गावाच्या कडेला एका उतारावर, तिथल्या शेतकऱ्याबरोबर बसलेले. एवढ्या उभ्या उतारावर कांदा नि कोबी, सरीला सरी लागून. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. अण्णा मूठभर माती घेऊन बोटांनी चोळत होते, तोही चोळत होता.

छातीठोक
तो खालून आलेला खोकला मी इथे बसून ऐकला. बरं केलंत थांबलात. अण्णांचा पंप चालू आहे ना?

रावेरचा_केळीवाला
चालू आहे. रोज आठवण करावी लागते ते वेगळं.

जामनेर_पॅसेंजर
आणि अंगठी??

रावेरचा_केळीवाला
तव्यासारखी काळी. मी खिशात ठेवली होती, बोटात नव्हे, तरी.

चोपड्याची_चिंच
अंगठीले चिंच लावा, दोन मिनिटांत चकाचक. आमच्या नावाची गॅरंटी.

कातळ_आणि_काळी
चिंच पितळेला. चांदीला कोमट पाणी, खायचा सोडा आणि खाली अॅल्युमिनियमची पन्नी. अर्धा तास ठेवा.

रावेरचा_केळीवाला
सर, पन्नी आणून ठेवली होती. अण्णांनी अंगठी तशीच बोटात घातली. काल जळगावला सराफाने विचारलं, पॉलिश करून देऊ का. तर त्यालाच बसवून इजेनची गोष्ट सांगितली, जसं काही स्वतःच चढून आले.